निवडणाऱ्यांची परीक्षा

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दोन विद्यापीठांच्या विद्यार्थी-दैनिकांमध्ये एक चमत्कारिक चौकट येऊ लागली. तिच्यात ना जाहिरात होती, ना निवेदन. नुसता एक शब्द असायचा. 'कादिर्गा'. दुसऱ्या दिवशी 'नान्सोमा'. मग 'इक्तिताफ'. काही शब्द एकदाच आले, काही पंचवीस वेळा. एका दैनिकात जो शब्द पुन्हा पुन्हा दिसला, तो दुसऱ्यात क्वचित दिसला. शब्दांचा अर्थ वाचणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नव्हता आणि कुणी सांगितलाही नाही. काही आठवड्यांनी चौकट बंद झाली. त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, की या शब्दांचा अर्थ काहीतरी चांगला असेल असं वाटतं की वाईट? जो शब्द जास्त वेळा डोळ्यांखालून गेला होता, तो त्यांना जास्त 'चांगला' वाटला.

हा प्रयोग करणारे रॉबर्ट झायन्स मिशिगन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात प्राध्यापक होते. ते मूळचे पोलंडचे. १९३९ मध्ये वॉर्सावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात त्यांचे आईवडील गेले, ते स्वतः वाचले. युद्धानंतर ते अमेरिकेत आले आणि याच विभागातून १९५५ मध्ये पीएच.डी. झाले. कुठल्याही कारणाविना, केवळ ओळखीमुळे आवड निर्माण होते हे त्यांनी दाखवून दिलं. मला हा प्रयोग आठवतो तो दरवर्षी हिवाळ्यात, विद्यापीठांच्या प्रवेश समित्या अर्जांचे गठ्ठे घेऊन बसतात तेव्हा. ओळखीच्या महाविद्यालयाचं नाव, ओळखीच्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र समोर आलं की समितीच्या मनात जे होतं, त्यात गुणवत्ता किती आणि 'कादिर्गा' किती?

हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. पण मिशिगनच्या विभागाने तो गेली पाऊणशे वर्षं स्वतःलाच विचारला आहे, आणि म्हणूनच मोठ्या मानसशास्त्र विभागाचं उदाहरण म्हणून मी तो निवडला.

हे विद्यापीठ अ‍ॅन आर्बर नावाच्या गावात आहे. डेट्रॉइटपासून तासाभराच्या आत गाडीने पोचता येतं. मानसशास्त्र विभाग 'ईस्ट हॉल' या जुन्या इमारतीत आहे. एके काळी तिथे अभियांत्रिकीचे वर्ग भरत, आज तिथे मानसशास्त्राच्या शेजारी गणित विभाग नांदतो. हा शेजार योगायोगाचा असला तरी शोभणारा आहे, ते पुढे कळेलच. पदव्युत्तर शिक्षणाचा सगळा कारभार पाहणाऱ्या संस्थेला 'रॅकहॅम' म्हणतात. होरेस रॅकहॅम हा हेन्री फोर्डच्या मोटार कंपनीच्या स्थापनेची कागदपत्रं तयार करणारा वकील. त्याने कंपनीत सुरुवातीलाच घेतलेल्या शेअर्सचं पुढे सोनं झालं आणि त्या पैशातून १९३८ मध्ये पदव्युत्तर शाळेची भव्य इमारत उभी राहिली. डेट्रॉइटच्या मोटारींनी अशी कित्येक प्रबंधांना चाकं दिली.

या विभागाच्या मुळाशी आपल्या ओळखीचं एक नाव आहे. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या वर्गात बसले आणि ज्यांचं ऋण त्यांनी मानलं, ते जॉन ड्यूई १८८४ मध्ये मिशिगनला तरुण अध्यापक म्हणून रुजू झाले होते. त्यांचं पहिलं मोठं पुस्तक, 'सायकॉलॉजी', १८८७ मध्ये निघालं ते इथे असतानाच. तेव्हा मानसशास्त्र हे तत्त्वज्ञानाच्या घरातलं धाकटं भावंड होतं. ड्यूई शिकागोमार्गे न्यूयॉर्कला गेले. मागे वॉल्टर पिल्सबरी यांनी प्रयोगशाळा चालवली आणि १९२९ मध्ये मानसशास्त्राने तत्त्वज्ञानापासून वेगळी चूल मांडली.

खरी वाढ दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४५ मध्ये येल विद्यापीठातून आलेले डोनाल्ड मार्क्विस विभागप्रमुख झाले आणि त्यांनी माणसं जमवायला सुरुवात केली. १९४६ मध्ये वॉशिंग्टनहून रेन्सिस लिकर्ट आपल्या सहकाऱ्यांसह आले. युद्धाच्या काळात अमेरिकेच्या कृषी खात्यात बसून लोकांचं मत शास्त्रशुद्ध रीतीने कसं विचारावं याचं तंत्र या मंडळींनी घडवलं होतं. 'पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत' अशा पाच खुणांची जी पट्टी आज प्रत्येक प्रश्नावलीत असते, ती १९३२ ची लिकर्ट यांची. (आपल्याकडे बरेच जण 'लायकर्ट' म्हणतात, ते स्वतः 'लिकर्ट' म्हणत.) समूहात माणूस कसा वागतो याचा अभ्यास करणारे कुर्ट लेविन १९४७ मध्ये अचानक वारले, तेव्हा एमआयटीमधलं त्यांचं संशोधन केंद्रही १९४८ मध्ये अ‍ॅन आर्बरला आलं. दोन्ही मिळून १९४९ मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्च' उभी राहिली. थिओडोर न्यूकम यांनी समाजशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन विभागांचा मिळून सामाजिक मानसशास्त्राचा डॉक्टरेट कार्यक्रम चालवला. तो १९६७ पर्यंत टिकला.

युद्धाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती या लेखाच्या गाभ्याशी आहे. हजारो सैनिक मनावर जखमा घेऊन परतले होते. त्यांच्यासाठी अमेरिकेच्या माजी सैनिक प्रशासनाला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हवे होते, आणि तेवढे तयार नव्हते. प्रशासनाने १९४६ मध्ये विद्यापीठांना पैसे देऊन ते घडवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पण या कामाला कोण लायक ठरेल हे आधी कसं ओळखायचं? हे शोधून काढायची जबाबदारी मिशिगनच्या ई. लोवेल केली यांच्यावर आली.

केली आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड फिस्क यांनी जे केलं, तसं कुठल्याही प्रवेश समितीने त्याआधी फारसं केलं नसेल. १९४७ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणार्थींना अ‍ॅन आर्बरला बोलावून कित्येक दिवस त्यांची तपासणी केली. बुद्धिचाचण्या झाल्या, आवडीनिवडींच्या प्रश्नावल्या झाल्या. शाईचे डाग दाखवून 'काय दिसतं' असं विचारलं गेलं. आत्मचरित्र लिहून घेतलं, मुलाखती घेतल्या, गटात प्रसंग देऊन कोण कसा वागतो ते पाहिलं. प्रत्येक टप्प्यावर अनुभवी मानसशास्त्रज्ञांनी भाकीत नोंदवलं, की हा माणूस उत्तम होईल, मध्यम होईल, की गळेल. मग ती भाकितं कुलूपबंद ठेवून त्यांनी वाट पाहिली. प्रशिक्षणार्थी प्रत्यक्षात कसे निघाले याची वर्षानुवर्षं नोंद घेतली आणि १९५१ मध्ये 'द प्रेडिक्शन ऑफ परफॉर्मन्स इन क्लिनिकल सायकॉलॉजी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं.

त्यात जे होतं ते व्यवसायातल्या अनेकांना झोंबलं. अर्जातली कागदपत्रं आणि साध्या वस्तुनिष्ठ चाचण्या यांवरून केलेली भाकितं जेवढी बरी होती, तेवढीच जवळपास सगळ्या सोपस्कारांनंतरची. मुलाखतीने, शाईच्या डागांनी, गटातल्या प्रसंगांनी अंदाजात फारशी भर पडली नाही, काही ठिकाणी तो बिघडलाच. तज्ज्ञांना मात्र उमेदवार आपल्याला आता नीट 'कळला' असं वाटत होतं. माहिती वाढली तसा विश्वास वाढला, अचूकपणा तिथेच राहिला.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती एका सर्वेक्षणाची गोष्ट झाली असती. पण याच विभागात त्याच सुमारास माणूस निर्णय कसे घेतो याचं गणित मांडणारी माणसं जमा होत होती. क्लाइड कूम्स १९४७ मध्ये आले. गणिती मानसशास्त्राचा कार्यक्रम त्यांनी बांधला. वॉर्ड एडवर्ड्स १९५८ मध्ये आले. एडवर्ड्स यांच्या एका प्रयोगाचं गणित मला फार आवडतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

दोन पिशव्या आहेत. एकीत ७०० लाल आणि ३०० निळ्या चकत्या, दुसरीत बरोबर उलटं. मी डोळे मिटून एक पिशवी उचलली आहे, कोणती ते तुम्हाला माहीत नाही. तिच्यातून एक चकती काढायची, रंग पाहायचा, परत टाकायची, असं बारा वेळा केलं. आठ लाल आल्या, चार निळ्या. आता ही लाल जास्त असलेलीच पिशवी असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक सत्तर ते ऐंशी टक्के म्हणतात. खरं उत्तर आहे ९७ टक्के. कारण लाल-निळ्याची जोडी एकमेकींना खोडून टाकते आणि उरतात चार जास्तीच्या लाल. प्रत्येक जास्तीची लाल पारडं सातास तीन या प्रमाणात झुकवते. सात भागिले तीन हा आकडा चार वेळा स्वतःशी गुणला की तीसच्या जवळ येतो, म्हणजे तीसास एक. एवढा ठोस पुरावा समोर असूनही माणसं कचरतात. एडवर्ड्स याला सावधपणा म्हणत. त्यांच्या मते माणूस संख्याशास्त्र बऱ्यापैकी जाणतो, फक्त जरा भित्रा असतो.

हे पटलेला एक विद्यार्थी त्या वेळी विभागात होता. इस्रायली सैन्यातून आलेला आमोस ट्वर्स्की. त्याने १९६५ मध्ये इथून पीएच.डी. केली. मायदेशी परतल्यावर १९६९ च्या सुमारास जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात एका सहकाऱ्याच्या वर्गात त्याने एडवर्ड्स यांचं संशोधन मांडलं. सहकाऱ्याने ते मान्य केलं नाही. माणूस भित्रा संख्याशास्त्रज्ञ नाहीच, मुळात तो संख्याशास्त्र वापरतच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. तो सहकारी म्हणजे डॅनियल कानेमान. या वादातून दोघांचं काम सुरू झालं आणि कानेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ट्वर्स्की हयात नव्हते. गुरूचं म्हणणं घेऊन शिष्य निघाला, वाटेत त्याचा पराभव झाला आणि त्या पराभवातून नवी विद्याशाखा जन्माला आली. माझ्या मते पदव्युत्तर शिक्षणाची यापेक्षा सुंदर फलश्रुती नाही.

ट्वर्स्कीच्याच आसपास रॉबिन डॉज नावाचा विद्यार्थी होता. तो आला होता चिकित्सा मानसशास्त्र शिकायला. तिथल्या निदानामागचा पुरावा त्याला पुरेसा वाटेना, तेव्हा तो गणिती शाखेकडे वळला आणि १९६३ मध्ये पीएच.डी. झाला. पुढे ऑरेगन विद्यापीठात असताना त्याने थेट आपल्याच मानसशास्त्र विभागाची प्रवेश समिती अभ्यासाला घेतली. १९७१ च्या लेखात त्याने दाखवलं, की अर्जदाराचे जीआरई या प्रवेशपरीक्षेतले गुण, पदवीचे गुण आणि त्याच्या महाविद्यालयाचा दर्जा या तीन गोष्टींची साधी बेरीज समितीच्या एकूण मतापेक्षा विद्यार्थ्याचं पुढचं यश जास्त चांगलं सांगते. ज्या समितीत मानसशास्त्राचे प्राध्यापक बसतात, तिची ही गत. मिनेसोटा विद्यापीठात पॉल मील यांनी १९५४ मध्येच वीसेक अभ्यास एकत्र करून असाच निष्कर्ष काढला होता, म्हणजे डॉज एकटा नव्हता. पण स्वतःच्या खुर्चीखाली दिवा लावायला धैर्य लागतं.

माणूस आपल्या निवडीची कारणं देताना किती चुकतो, हे तर अ‍ॅन आर्बरबाहेरच्या एका दुकानात दिसलं. रिचर्ड निस्बेट हे प्राध्यापक आणि टिमोथी विल्सन हा त्यांचा संशोधक विद्यार्थी. त्यांनी एका टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारलं, कोणता सगळ्यात चांगल्या प्रतीचा? सगळ्यात उजवीकडचा जोड ४० टक्के लोकांनी निवडला, सगळ्यात डावीकडचा १२ टक्क्यांनी. कारण विचारलं तर वीण, पोत, कापड. खरं म्हणजे चारही जोड अगदी सारखे होते. जागेमुळे तर निवड झाली नसेल, असं सुचवल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते उडवून लावलं आणि विचारणाऱ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. १९७७ मध्ये हा लेख आला. आपल्या मनात काय चाललं ते आपल्याला दिसतं असं आपण समजतो, पण बरेचदा आपण फक्त पटण्याजोगं कारण रचून सांगतो, असं त्यांचं म्हणणं. या लेखाची मुळं त्याच विभागात होती. नॉर्मन मायर यांनी १९३१ मध्ये छतापासून लोंबणाऱ्या दोन दोऱ्यांचं कोडं दिलं होतं. एक दोरी धरून दुसरीपर्यंत हात पोचत नाही. प्रयोगकर्ता सहज चालता चालता एका दोरीला धक्का देऊन ती झुलवायचा. थोड्याच वेळात लोकांना सुचायचं, की दोरीला वजन बांधून झोका द्यावा. हे सुचलं कसं, असं विचारलं तर त्या धक्क्याचा उल्लेख बहुतेकांच्या उत्तरात नसायचा.

मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे दुसऱ्याचं मन वाचायला शिकणं, हा आपल्याकडचा समज इतका पक्का आहे, की मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला लग्नसमारंभात 'मग सांग बघू माझ्या मनात काय आहे' हे ऐकावंच लागतं. मिशिगनसारख्या विभागात शिकवलं जातं ते नेमकं उलट आहे. स्वतःच्या मनाने दिलेल्या ग्वाहीवर विसंबू नको, मोजून पाहा, असं तिथे पहिल्या वर्षापासून अंगी बाणवतात.

ते कसं, हे आता सांगतो. अमेरिकेत मानसशास्त्राच्या पीएच.डी.साठी आधी एम.ए. लागत नाही. पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, पदव्युत्तर पदवी वाटेत पदरात पडते. आपल्याकडे एम.ए., मग नेट किंवा पेट, मग गाइड शोधणं, असा क्रम आहे. तिथे अर्ज करतानाच आपण कोणत्या प्राध्यापकाबरोबर कशावर काम करू इच्छितो ते लिहावं लागतं. विभाग सहा मोठ्या शाखांत वाटलेला आहे. जैविक, चिकित्सा, बोध आणि मेंदूविज्ञान, विकासात्मक, सामाजिक, आणि व्यक्तिमत्त्व व सामाजिक संदर्भ. शिवाय शिक्षणशास्त्र, समाजकार्य, स्त्री अभ्यास यांच्याबरोबरचे जोड-कार्यक्रम. शेकड्याने अर्ज येतात, जागा मोजक्या. निवड झालेल्याला पाच वर्षांच्या विद्यावेतनाची आणि शुल्कमाफीची हमी मिळते. ही हमी फार मोलाची आहे. आईवडिलांच्या पैशांवर पीएच.डी. करायची नसते, हा तिथला संकेत आपल्या घरांना नवा वाटतो.

पहिल्या वर्षी संख्याशास्त्राचे दोन भारी अभ्यासक्रम पार करावे लागतात, मग विद्यार्थी उंदरांच्या मेंदूवर काम करणारा असो वा लहान मुलांच्या खेळावर. त्याच काळात स्वतःचा एक संशोधन प्रकल्प करावा लागतो. अभ्यासक्रमातल्या क्रमांकावरून विभागात त्याला नुसतं '६१९' म्हणतात. प्रकल्प लहान असला तरी पुरा करायचा असतो. प्रश्न ठरवायचा, नीतिसमितीची परवानगी घ्यायची, माणसं बोलवायची, आकडे काढायचे, लिहायचं. मग विषयातल्या प्रिलिम परीक्षा. त्या ओलांडल्या की तो 'उमेदवार' होतो, म्हणजे आता फक्त प्रबंध बाकी. प्रबंधाच्या समितीत किमान चार सदस्य लागतात आणि त्यांतला एक विभागाबाहेरचा असावा लागतो. हा बाहेरचा सदस्य मला या सगळ्या व्यवस्थेतला सगळ्यात शहाणा नियम वाटतो. आपल्या विभागातल्या सगळ्यांना जे उघड वाटतं, ते त्याला वाटत नाही, आणि त्याला ते समजावून सांगावं लागतं.

विद्यावेतनाच्या बदल्यात शिकवावं लागतं. पदवीच्या वर्गांचे छोटे गट हेच विद्यार्थी सांभाळतात, उत्तरपत्रिकाही तेच तपासतात. अशा नव्या शिकवणाऱ्यांसाठी विभागातल्या विल्बर्ट मॅकीची यांनी १९५१ मध्ये एक छोटी पुस्तिका तयार केली. 'टीचिंग टिप्स' हे तिचं नाव. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघून ती जगभरच्या महाविद्यालयांत पोचली. या विद्यार्थी-शिक्षकांची संघटनाही आहे. १९७५ च्या संपानंतर तिने विद्यापीठाशी पहिला करार केला, आणि २०२३ मध्ये जवळपास पाच महिन्यांचा संप केला. शिकणारा की कामगार, हा प्रश्न तिथे मिटलेला नाही.

संशोधनाला माणसं लागतात. ती कुठून येतात? मानसशास्त्राच्या प्राथमिक वर्गातले विद्यार्थी काही तास प्रयोगात भाग घेतात किंवा त्याऐवजी लेखी काम करतात. याला 'पूल' म्हणतात. पुलामुळे संशोधन स्वस्त आणि सोपं झालं, आणि मानसशास्त्राला एक जुनाट रोगही जडला. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये मोजणी केली, तेव्हा या शास्त्राच्या प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतले ९६ टक्के प्रयोगविषय पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले. जगाच्या लोकसंख्येत या देशांचा वाटा बारा टक्के. म्हणजे 'माणूस असा वागतो' असं जे पाठ्यपुस्तकात आपण पुण्यात, नागपुरात बसून वाचतो, ते पुष्कळदा 'अमेरिकेतला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी असा वागतो' एवढंच असतं.

या रोगावरचा एक उतारा याच विभागातून आला, आणि तो आणला एका विद्यार्थ्याने. चीनमधून आलेला काइपिंग पेंग निस्बेट यांच्याबरोबर काम करू लागला, तेव्हा त्याने गुरूंना सांगितलं, की तुम्ही जगाकडे एका सरळ रेषेसारखं पाहता, आम्हाला ते वर्तुळासारखं दिसतं. निस्बेट तोवर सगळी माणसं एकाच रीतीने विचार करतात असं धरून चालले होते. या बोलण्यातून त्यांनी संशोधनाची दिशाच बदलली. ताकाहिको मासुदा या जपानी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर पाण्यातलं दृश्य. एक मोठा मासा पुढे पोहतोय, मागे शेवाळ, दगड, बेडूक, बुडबुडे. काय पाहिलं ते सांगा, म्हटल्यावर अमेरिकी विद्यार्थी माशापासून सुरुवात करत. जपानी विद्यार्थी 'तळ्यासारखं काहीतरी होतं' अशी सुरुवात करत आणि पार्श्वभूमीबद्दल कितीतरी अधिक बोलत. विभागातूनच पीएच.डी. झालेले हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये 'स्व' म्हणजे काय हेच संस्कृतीगणिक बदलतं असं मांडलं होतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे पटवायला प्रयोग लागू नये, पण शास्त्राला लागला.

विभागाचा दुसरा टोकाचा कोपरा म्हणजे उंदीर आणि डोपामिन. जेम्स ओल्ड्स यांनी १९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात पीटर मिल्नर यांच्यासह शोधलं, की मेंदूच्या एका भागात वीज सोडली तर उंदीर ती मिळवण्यासाठी कळ दाबतच राहतो. ते पुढे मिशिगनला आले. लोकांनी त्या भागाला 'सुखाचं केंद्र' म्हटलं. त्याच विभागातल्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी हे नाव चुकीचं ठरवलं. डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेल्या उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकलं तर तो आवडल्यासारखा जीभ फिरवतो, मात्र ते मिळवण्यासाठी उठत नाही. म्हणजे 'आवडणं' वेगळं आणि 'हवंसं वाटणं' वेगळं. १९९३ मध्ये त्यांनी यावरून व्यसनाची उपपत्ती मांडली. व्यसनी माणसाला दारूतला आनंद कमी कमी होत जातो आणि ओढ मात्र वाढते, हे घरात पाहिलेल्या कुणालाही यातली सच्चाई लगेच कळेल.

चिकित्सा शाखेबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची सर्वाधिक ओढ तिकडे असते. १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी भरलेल्या परिषदेने ठरवलं, की उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ आधी संशोधक असला पाहिजे. तेव्हापासून अशा पीएच.डी.त प्रबंध आणि रुग्णांबरोबरचं काम दोन्ही असतं, शेवटी वर्षभराची इंटर्नशिप आणि मग त्या त्या राज्याचा परवाना. भारतात येऊन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. परदेशी पदवीचं इथे काय होईल, हे निघण्याआधी विचारून घ्यावं.

गेल्या दशकात या सगळ्या शास्त्राला एक मोठा धक्का बसला. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष लक्षणीय होता, पुनरावृत्तीत तो फक्त ३६ टक्क्यांत टिकला. आज संशोधक विद्यार्थी प्रयोग करण्याआधीच आपला अंदाज आणि विश्लेषणाची पद्धत जाहीर नोंदवून ठेवायला शिकतो. म्हणजे आकडे हाती आल्यावर पायमोज्यांची वीण आठवून कारण रचता येत नाही. केली यांनी १९४७ मध्ये भाकितं कुलूपबंद केली होती, ती याच विचाराने.

आता पुन्हा निवडीच्या प्रश्नाकडे. याच विभागात विल्सन टॅनर आणि जॉन स्वेट्स यांनी १९५४ मध्ये रडारच्या गणितावरून एक सिद्धांत मांडला. अंधुक खूण दिसली की नाही, हे ठरवताना चार गोष्टी घडू शकतात. खूण होती आणि दिसली. खूण होती पण निसटली. नव्हती तरी दिसली. नव्हती आणि दिसलीही नाही. क्ष-किरणाच्या चित्रात गाठ शोधणाऱ्या डॉक्टरांची कसोटी आज याच चार चौकटींनी होते. प्रवेश समितीलाही हेच लागू आहे, फक्त एक फरक आहे. घेतलेल्या विद्यार्थ्याचं काय झालं ते समितीला दिसतं. नाकारलेला दुसरीकडे जातो, किंवा कुठेच जात नाही, आणि त्याची चौकट रिकामीच राहते. ट्वर्स्कीसारखा कुणी त्या चौकटीत गेला असेल का, हे कुणालाही सांगता येत नाही.

२०२२ मध्ये मिशिगनच्या पदव्युत्तर शाळेने पीएच.डी.च्या प्रवेशासाठी जीआरई परीक्षेचे गुण विचारात घेणं बंद केलं. या परीक्षेत चांगले गुण मिळवायला पैसा आणि शिकवण्या लागतात, गरीब आणि वंचित घरातले हुशार विद्यार्थी त्यात मागे राहतात, हा आक्षेप खरा आहे. मला तो पटतो. पण डॉजच्या बेरजेतला एक आकडा निघाला, की वजन उरलेल्यांवर पडतं. पदवीचे गुण, उद्दिष्टपत्र, शिफारसपत्रं आणि मुलाखत. यांतल्या मुलाखतीवर किती भरवसा ठेवायचा, याचं उत्तर केली यांनी १९५१ मध्ये दिलं होतं, आणि शिफारसपत्रावरच्या ओळखीच्या नावाबद्दलचं झायन्स यांनी. आकडा काढून टाकणं योग्य असेल, तर त्याच्या जागी काय ठेवायचं याचाही तितक्याच कसोशीने अभ्यास व्हायला हवा. भाकितं लिहून ठेवून, वर्षानुवर्षं वाट पाहून.

अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात. ज्यांना प्रवेश देऊ केला आहे त्यांनी १५ एप्रिलपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. त्या दिवशी संध्याकाळी यादी पक्की होते आणि उरलेले अर्ज बाजूला ठेवले जातात.